उरलेलं अन्न उचलताना: आधी पंगत, मग पातेलं

उरलेलं अन्न उचलून गरजूंना पोचवायला निघण्याआधी ते कोण खाणार हे पक्कं करा. नवे गट बहुधा इथेच अडतात: पातेली गाडीत चढतात आणि मग फोनाफोनी सुरू होते. म्हणून निवारे, वसतिगृहं, वस्त्या अशा चार-पाच ठिकाणांची यादी आधीच तयार ठेवा. माणसं किती, जेवणाची वेळ कोणती, फ्रिज आहे का, काय चालत नाही आणि रात्री फोन कोण उचलतं, एवढं प्रत्येकापुढे लिहा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ४०० ते ५०० ग्रॅम शिजलेलं अन्न धरलं, तर १० किलोत २०-२५ जण जेवतात.

देणाऱ्याला विचारा: कधी शिजलं, तेव्हापासून कसं ठेवलंय, वाढपाला बाहेर काढलं होतं का? ताटातलं उष्टं घ्यायचं नाही. लोकांनी स्वतः वाढून घेतलेल्या भांड्यातलंही नको. त्यात कोणाचे हात गेले हे कळायला मार्ग नसतो.

आता खरा मुद्दा. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. गरम अन्न ६०च्या वर, थंड अन्न ५च्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या तापमानात सगळे मिळून दोनच तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. यात देणाऱ्याकडे गेलेला वेळही आला.

सळईचा थर्मामीटर लागतोच. तो बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का, हे अधूनमधून तपासा. सळई पातेल्याच्या मधोमध खुपसा, तळाला टेकू देऊ नका, आकडा स्थिरावला की वाचा. दुसऱ्या भांड्यात घालण्याआधी ती धुऊन निर्जंतुक करा.

वास घेऊन किंवा चाखून निर्णय घेऊ नका. भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळलं तरी टिकतं. भाताचा वास मात्र नेहमीसारखाच येतो.

अन्न लगेच खाल्लं जाणार नसेल तर पसरट ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा पातळ थर करा. वरचा दोन तासांचा नियम नुसतं बाहेर राहिलेल्या अन्नाचा; गरम अन्न असं मुद्दाम थंड करताना ते ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत उतरलं पाहिजे. भरलेलं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, शेजारचे डबेही तापतात. खायच्या वेळी मधोमध ७४ अंश येईपर्यंत गरम करायला सांगा.

पाकिटबंद मालाची तारीख बघा, फुगलेला डबा सरळ बाजूला काढा. प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी हवी: पदार्थ, शिजल्याची वेळ, उचलल्याची वेळ. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ, मासे यांपैकी काय आहे तेही लिहा. माहीत नसेल तर ‘घटक माहीत नाहीत’ असं लिहा, अंदाज नको.

शंका आली तर नम्रपणे नकार द्या; ते अन्न खतासाठी जाऊ दे. भुकेल्या माणसाला आजारपण परवडत नाही.

पोचवताना तापमान आणि वेळ वहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्या, आणि दुसऱ्या दिवशी किती उरलं हे विचारा. एकाच ठिकाणी तोच पदार्थ सारखा उरत असेल तर वहीतले आकडे घेऊन देणाऱ्याला भेटा. तेवढं मुळात कमीच शिजवलेलं बरं.