नेट स्लो आहे? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

नेट रखडतंय म्हणून लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, घरातल्या बाकीच्यांचे मोबाइल, टीव्ही वायफायवरून काढा आणि मग स्पीड टेस्ट करा. केबलवर पूर्ण स्पीड मिळतोय आणि बेडरूममध्ये मिळत नाही, तर अडचण वायफायची आहे. तिथे ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही फरक पडणार नाही. एवढं साधं मोजमाप करायचा धीर लोकांना नसतो, आणि पैसे मात्र दर महिन्याला जातात.

कोथरूडला आमच्या शेजारच्या काकांनी मुलाच्या वर्क फ्रॉम होमसाठी १०० चा प्लॅन सोडून ३०० चा घेतला. स्पीड टेस्टचा आकडा मात्र ९४ च्या वर जाईना. कंपनीचा माणूस येऊन राउटर बदलून गेला, तरी तेच. ९४ ऐकल्यावर मी स्पीड टेस्ट परत केलीच नाही, सरळ टीव्हीच्या मागे हात घातला. १०० एमबीपीएसच्या इथरनेट लिंकवर, म्हणजे लॅन केबलच्या जोडणीवर, प्रत्यक्षात साधारण ९४ च मिळतात, त्यामुळे हा आकडा तिथेच अडून बसला की केबल किंवा पोर्ट बघायचा. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या लिंकला, केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी निसटली की लिंक गुपचूप १०० वर उतरते. दिवा पेटलेलाच राहतो, नेटही चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. काकांच्या ओएनटीपासून (फायबरची वायर घरात येऊन जिथे लागते तो डबा) राउटरपर्यंतची केबल हाताने क्रिंप केलेली, म्हणजे जॅक हाताने दाबून बसवलेली होती आणि जॅकमधली तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलेलीच नव्हती. दुकानातून तयार जॅकची कॅट ६ केबल आणून लावली, स्पीड २८० च्या पुढे गेला.

मी घरात हाताने क्रिंप केलेली छोटी केबल ठेवतच नाही. आणि राउटर घेताना खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिलंय का ते बघतो. स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर केबल बदलून काही होत नाही.

दुसरी चूक बघून खरंच जीव तळमळतो: राउटरच्या छिद्रात पिन खुपसून रीसेट करणं. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटमध्ये पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीने दिलेला लाइनचा नंबर), सगळं पुसलं जाऊ शकतं. मग शनिवारी संध्याकाळी स्लो असलेलं नेट पूर्ण बंद पडतं आणि लाइनमन येतो सोमवारी. व्हिडिओत दाखवलं म्हणून ते छिद्र दाबू नका. माझ्याकडे या सगळ्या सेटिंगचे फोटो मोबाइलमध्ये असतात. तुम्हीही आजच काढून ठेवा.

राउटर टीव्ही युनिटच्या कपाटात, फ्रिजमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका. जवळ बसून काम असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वापरा, दोन भिंतींपलीकडे २.४. बिल्डिंगमध्ये गर्दी असेल तर २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच एक निवडा.

रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लोक जिथे सिग्नल येत नाही त्या खोलीत लावतात. अहो, त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा. रिपीटरऐवजी जुना राउटर केबलने जोडणार असाल तर त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला, डीएचसीपी (बाकीच्यांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला लावा.

एमबीपीएसमधलं ‘बी’ म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटच दिसणार. तो बिघाड नाही, त्यासाठी तक्रार करू नका.

तक्रार करायची ती ओएनटीवर ‘एलओएस’चा (फायबरचा सिग्नल गेल्याचा) दिवा लाल झाला तर. फायबरची वायर खिळ्याला गुंडाळलेली किंवा दारात दबलेली असेल तर मोकळी करा, बाकी काम लाइनमनचं. हिरवा कनेक्टर उपसून फुंकर मारू नका आणि त्यात डोकावून तर अजिबात बघू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही.