सोंगणी-कापणीपूर्वी विळ्याची मूठ तपासून घ्यावी

सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाडा-विदर्भात लवकर येणाऱ्या सोयाबीनची सोंगणी आणि कोकणात हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची कापणी जवळजवळ एकाच सुमारास सुरू होते. त्याआधी शेतकरी विळ्याला धार लावून घेतात, नवे पाते बसवतात. मुठीकडे मात्र कोणी पाहत नाही. दिवसभर कापणी केल्यावर तळहाताला येणारे फोड, करंगळीखाली पडणारे घट्टे आणि रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या यांचा दोष आपण कामाला देतो, पण पुष्कळदा तो चुकीच्या मुठीचा असतो. लोहार-सुतारांकडे गर्दी होण्यापूर्वी, म्हणजे हस्त नक्षत्र लागण्याच्या आधी, घरातील सर्व विळे काढून ते ज्याच्या त्याच्या हातात देऊन पाहावेत.

‘ज्याच्या त्याच्या हातात’ असे मुद्दाम म्हटले आहे. बाजारातून विळे आणतो बहुधा घरचा पुरुष, आणि तो मूठ पारखतो ती स्वतःच्या पंजाने. सोंगणीच्या ओळीत मात्र बहुतांश स्त्रिया असतात आणि त्यांचा पंजा लहान असतो. जाड मूठ धरून ठेवण्यासाठीच त्यांच्या हाताची निम्मी ताकद खर्च होते आणि कापण्याला उरलेली कमी पडते. म्हणून विळा जो वापरणार असेल त्यानेच तो निवडावा आणि उक्ते काम घेणाऱ्या टोळीला आपले विळे द्यायचे असतील, तर दोन-तीन जाडींच्या मुठी ठेवाव्यात.

जाडी पाहण्याची रीत सोपी आहे. मूठ नेहमीच्या जोराने धरली असता अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या नखावर येऊन टेकले, तर जाडी योग्य समजावी. अंगठा आणि बोट यांत फट राहिली तर मूठ जाड आहे, आणि बोटांची टोके तळहातात रुतू लागली तर ती बारीक आहे. सुताराला माप सांगताना मुठीच्या मध्यावर दोरा गुंडाळून तो मोजावा. बहुतेक स्त्रियांना 10 ते 11 सेंटीमीटर आणि मोठ्या पंजाच्या पुरुषांना 12 सेंटीमीटरच्या आसपास घेर सोयीचा पडतो. लांबी तळहाताच्या रुंदीपेक्षा दोन बोटे जास्त, म्हणजे साधारण 12 ते 13 सेंटीमीटर असावी. आखूड मुठीचे टोक नेमके तळहाताच्या मध्यावर रुतते. तिथे कातडीखालून बोटांकडे शिरा आणि मज्जातंतू जातात, त्यामुळे तो दाब तासन्‌तास राहिला की बोटे बधिर होतात.

आकाराबाबत आमचे मत स्पष्ट आहे: अगदी गोल मूठ घेऊ नये. घाम आलेल्या हातात गोल मूठ फिरते, पाते कलते आणि ते सरळ ठेवण्यासाठी माणूस नकळत आणखी घट्ट धरतो. मूठ अंड्याच्या आकाराची, किंचित चपटी असावी, म्हणजे पात्याची धार कोणत्या बाजूला आहे हे न पाहताही हाताला कळते. करंगळीच्या बाजूला छोटे बोंड किंवा फुगवटा हवाच, कारण विळा आपल्याकडे ओढून चालवायचा असतो आणि ओढताना हात मागे निसटतो. त्या बोंडावर करंगळी अडकली की पकड सैल ठेवूनही विळा सुटत नाही. हल्ली मिळणाऱ्या काही प्लॅस्टिकच्या मुठींवर बोटांसाठी चार खाचा असतात. दुकानात त्या हातात छान बसतात; पण खाचा ज्याच्या बोटांच्या मापाने पाडल्या असतील त्यालाच त्या सुखाच्या, इतरांच्या बोटांखाली खाचांचे कंगोरेच येतात. अशी मूठ टाळावी, किंवा कानशीने खाचा घासून सपाट कराव्यात.

सोयाबीनची सोंगणी जमिनीलगत करावी लागते आणि भातही खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी जमिनीलगतच कापण्याची शिफारस आहे. इथे मुठीचा कोन महत्त्वाचा ठरतो. मूठ आणि पाते एकाच पातळीत असेल, तर पाते जमिनीजवळ नेताच बोटांची पेरे ढेकळांना आणि आधी कापलेल्या धसकटांना घासतात. सोंगणी करणाऱ्या बाईचा उजवा हात संध्याकाळी पाहावा: करंगळी आणि अनामिकेच्या पेरांवरची कातडी सोललेली दिसते, आणि ते वाचवण्यासाठी तिने दिवसभर मनगट वाकडे धरलेले असते. पात्याचा जो टोकदार दांडा मुठीत शिरतो, तो लोहाराकडून तापवून किंचित वर वाकवून घ्यावा, म्हणजे पाते जमिनीवर टेकवले असता मुठीखाली दोन बोटे सहज जातील इतकी जागा राहते. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो महागड्या हातमोज्यांनीही पडत नाही.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा नवीन विळा हे दोन्ही दातेरी आहेत. दातेरी विळा हिसका न देता संथपणे ओढायचा असतो, त्यामुळे मनगटाला झटके कमी बसतात. मात्र अशा विळ्याचे दात बहुधा पात्याच्या एकाच बाजूने पाडलेले असतात. डावखुऱ्या माणसाने तो विकत घेण्यापूर्वी मूठभर गवत कापून पाहावे. ऊसतोडीच्या कोयत्याला हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. तो ओढायचा नसून घाव घालायचा असल्याने त्याला लांब मूठ आणि वेगळा तोल लागतो.

लाकूड बाभळीचे किंवा शिसवीचे, चांगले वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ ऑक्टोबरच्या उन्हात आकसते आणि पाते खिळखिळे होते. मग आदल्या रात्री विळा पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. लाकूड फुगते, सकाळी मूठ घट्ट वाटते आणि दुपारी पुन्हा सैल होते. यात लाकूड कुजते, दांडा गंजतो आणि भर कामात पाते निघून येण्याचा धोका राहतो. त्याऐवजी पाते काढून मुठीच्या भोकात लाख आणि विटेची बारीक भुकटी भरावी, दांडा तापवून त्यात दाबून बसवावा आणि तोंडाशी लोखंडी किंवा पितळी शेंबी, म्हणजे धातूचे कडे, घट्ट ठोकावी. शेंबीची कड बाहेर राहिली असेल तर ती घासून घ्यावी, कारण तर्जनी तिलाच टेकते.

मुठीला चकचकीत वार्निश लावू नये. घामाने ते निसरडे होते आणि फोड लवकर येतात. पॉलिश पेपरने घासून जवसाचे तेल दोन-तीन वेळा जिरवावे. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कडब्याजवळ टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगातील फडके आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. मूठ बारीक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळावी. चिंध्या गुंडाळू नयेत. त्या घाम धरून ठेवतात आणि कामात सरकतात.

नवी मूठ बसवल्यावर थेट वावरात न जाता बांधावरचे गवत पंधरा मिनिटे कापावे आणि लगेच तळहात पाहावा. सगळीकडे सारखी लाली असेल तर मूठ बरोबर आहे. एखाद-दुसऱ्या जागीच गडद लाल डाग असेल, तर तिथे येणारा मुठीचा उंचवटा कोळशाने खुणावून कानशीने उतरवावा आणि पुन्हा कापून पाहावे. असे दोन-तीनदा करावे लागते. शेवटी बोंडाला पिवळा किंवा लाल ऑइल पेंट लावावा. कापलेल्या सोयाबीनच्या ढिगात विळा विसरला, तर तो सुडीतून, म्हणजे रचून ठेवलेल्या पिकाच्या गंजीतून, थेट मळणी यंत्रात जातो. रंगीत टोक लांबूनही दिसते. सुडी रचण्यापूर्वी विळे मोजून घ्यावेत.