केमोचा पंप घरी नेताय? या चुका टाळा

"सिस्टर, बाटली तशीच आहे, औषध उतरतच नाहीये." रात्री दहानंतर येणारा हा फोन आम्हा केमो डे-केअरच्या नर्सना पाठ झालाय. आतड्याच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी फाइव्ह-एफयू हे औषध बऱ्याचदा 46 तास हळूहळू देतात. पोर्टला (कातडीखाली बसवलेलं, शिरेत औषध सोडायचं साधन) सुई, तिला नळी आणि कमरेच्या पिशवीत फुग्याचा पंप (बाटलीतला औषधाने भरलेला फुगा, जो आकसत औषध ढकलतो) घेऊन पेशंट घरी जातो.

काही पंपांतून तासाला जेमतेम दोन मिली औषध जातं, त्यामुळे चार तासांत फुग्यात फरक दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ एकाच जागी ठेवून फोटो काढा आणि ते ताडून बघा. नळीचा क्लॅम्प (बंद करायचा चिमटा) उघडा आहे ना, नळी पट्ट्याखाली किंवा कुशीखाली मुडपली नाही ना, हे तपासा. फुगा दाबू मात्र नका.

हा संथपणा हाच उपचाराचा भाग आहे. फाइव्ह-एफयू रक्तात दहा-वीस मिनिटांतच निम्मं होतं, आणि ते मुख्यतः विभागत असलेल्या पेशींवर काम करतं. एका झटक्यात दिलं तर कितीतरी पेशी निसटतात. 1998 मध्ये सहा चाचण्यांमधल्या 1219 रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. झटक्यात दिल्यावर 14 टक्के रुग्णांत गाठी आटल्या होत्या, सतत दिल्यावर 22 टक्के. रक्तपेशी गंभीरपणे घटण्याचं प्रमाण 31 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं. आयुष्य मात्र फारसं वाढलं नाही, साधारण 11.3 महिन्यांऐवजी 12.1. आणि हातापायांची आग, सालं निघणं वाढलं: 13 ऐवजी 34 टक्के. म्हणून तळवे लाल दिसू लागले की गरम पाण्यात पाय बुडवू नका, मलम लावा आणि केमोच्या पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना दाखवा.

वेग बिघडवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे ऊब. नळीवरची वेग ठरवणारी छोटी कडक डबी आम्ही कातडीला चिकटवतो, कारण पंपाचा वेग कातडीच्या तापमानावर बेतलेला असतो. थंडीत एका काकांचं अंग दुखत होतं, म्हणून काकूंनी मायेने गरम पाण्याची पिशवी नेमकी तिथे ठेवली. पंप कितीतरी तास आधीच रिकामा झाला. सुदैवाने काकांना फार त्रास झाला नाही. पण त्यांनी फोन केला दुसऱ्या दिवशी, "लवकर संपलं, बरंच झालं" म्हणत, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

पंप ठरल्या वेळेच्या थोडा मागेपुढे संपला तर चालतं, पण खूपच लवकर संपला तर बरं वाटत असलं तरी लगेच कळवा. अशा जादा डोसवर युरिडीन ट्रायअॅसिटेट हे उतारा-औषध आहे, पण ते पंप संपल्यापासून 96 तासांच्या आत सुरू करावं लागतं. बॅटरीचा पंप असेल तर लावताना वेग मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, संकोच करू नका. 2006 मध्ये कॅनडातल्या एडमंटनमध्ये 24 तासांचा आकडा तासाचा म्हणून पंपात भरला गेला. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि ती रुग्ण दगावली.

छातीत दुखलं की घरी आधी आठवतो गॅस. पंप चालू असताना असं करू नका. या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात, तरुण माणसातही. क्लॅम्प बंद करा आणि थेट इमर्जन्सी गाठा. ताप 100.4 च्या वर गेला तर नुसती पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका, फोन करा. तोंड येऊन वर जुलाब सुरू झाले तरी तेच, "केमोत होतंच" म्हणून दोन दिवस काढू नका.

पोर्टजवळ सूज, आग किंवा ओल दिसली तर क्लॅम्प बंद करून या. औषध सांडलं तर ग्लोव्हज घालून टिपा. दोन दिवस कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा आणि डागाळलेले कपडे वेगळे धुवा.

सुई स्वतः काढू नका. शुक्रवारी लावलेला पंप रविवारी संपतो, तेव्हा ती कुठे आणि कोण काढणार, हे निघतानाच विचारून घ्या.