शाई घट्ट की पातळ? 'मंडळ'चं 'मडळ' होऊ नये म्हणून

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सांगलीत स्क्रीन प्रिंटिंगनं टी-शर्ट छापणाऱ्याला जेवायला फुरसत नसते. अशाच एका रात्री मी साठ काळे टी-शर्ट छापले. सकाळी मंडळाच्या पोरानं एक उलगडला आणि म्हणाला, "दादा, हे 'मडळ' काय आहे?" पहिले पस्तीस ठीक होते. पुढच्या पंचवीसांवर अनुस्वार उतरलाच नव्हता. टेबल फॅनच्या वाऱ्यानं शाई हळूहळू घट्ट होत गेली होती आणि मी मात्र स्क्विजीवर, म्हणजे स्क्रीनच्या जाळीतून शाई दाबणाऱ्या रबरी पात्यावर, जोर वाढवत बसलो होतो.

पुढचं सगळं पाण्यावरच्या पिगमेंट शाईबद्दल आहे. छोट्या कारखान्यात तीच जास्त चालते.

आधी ढवळा. डबा उघडल्यावर शाई दह्यासारखी बसलेली दिसते आणि हात लगेच पाण्याकडे जातो. थांबा. बसलेली शाई ढवळली की आपोआप सैल होते. दोन-तीन मिनिटं तळापासून ढवळा, मगच ठरवा. न ढवळता पाणी घातलं तर ती स्क्विजीखाली आणखी सैल होते आणि 'ळ'ची पोटं भरून टाकते.

मग ढवळायची पट्टी उचलून बघा. श्रीखंडासारखी चिकटून राहिली तर घट्ट, आमटीसारखी धावली तर पातळ. भज्याच्या पिठासारखी सरबरीत हवी: रुंद धारेनं पडावी, पृष्ठभागावर वळ उठावा आणि सावकाश विरावा.

घट्ट असेल तर किलोला एक चमचा पाणी घाला, ढवळा, पुन्हा पट्टी उचला. एकदम ओतू नका. पाण्यानं शाई सैल होते तसा बाइंडरही (रंग कापडाला धरून ठेवणारा घटक) विरळ होतो, आणि तीन धुण्यांत छाप उडाला की गिऱ्हाईक दारात येतं. पातळ झाली तर थिकनर (शाई घट्ट करणारा पदार्थ) चिमटीनं घाला. तो मुरायला वेळ घेतो, म्हणून दहा मिनिटं थांबून मगच पुढची चिमूट. प्लास्टिसोल (प्लास्टिकवर आधारलेली, बिनपाण्याची शाई) वापरत असाल तर पाण्याचा थेंबही नको, ती सैल करायला तिचाच रिड्यूसर लागतो.

जाळी बघून शाई ठेवा. काळ्या कापडावर पांढरं छापायला इंचाला 110 च्या आसपास धाग्यांची मोकळी जाळी आणि थोडी घट्टसर शाई. बारीक रेघा असतील तर 195 च्या आसपासची जाळी आणि जरा सैल शाई. बारीक जाळीतून घट्ट शाई ढकलायला गेलात तर मनगट दुखेल, छाप मात्र ठिपक्याठिपक्यांचा येईल.

चिंधीवर एक छाप मारा. कडेला केस फुटल्यासारखे दिसले किंवा शाई कापडाच्या पाठीमागे उमटली तर ती पातळ आहे. (जोर जास्त झाला तरी पाठीमागे उमटते, म्हणून हात हलका करून एकदा खात्री करा.) मधेमधे भोकं राहिली, किंवा स्क्रीन उचलताना कापड चिकटून वर आलं तर घट्ट. मी तर मुद्दाम अनुस्वार, रफार आणि 'श्री' तेवढे बघतो. तिथं नीट उतरलं की बाकीचं उतरतंच.

आता हवामान, कारण खरी फसगत इथंच होते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शाई जाळीतच वाळते. फॅन बंद करा, घाम आला तरी चालेल. प्रत्येक छापानंतर स्क्रीन उचलून हलक्या हातानं शाई परत ओढा, म्हणजे जाळी ओल्या शाईखाली झाकलेली राहील. पावसाळ्यात उलटं होतं: शाई टी-शर्टावर वाळत नाही आणि दुसरा हात (शाईचा दुसरा थर) मारताना पहिला उचलून येतो. अशा वेळी शाई घट्ट करू नका. पहिला हात हीट गननं कोरडा करा, मगच दुसरा मारा.

दर दहा टी-शर्टांनी अनुस्वार तपासा. बुजला असेल तर ओल्या फडक्यानं स्क्रीनच्या खालून पुसला की मोकळा होतो. एकदा वाळला की मात्र काम थांबवून फ्रेम धुवायलाच न्यावी लागते.