ब्लूबेरी लावताय? आधी मातीचा सामू मोजा

माझं पहिलं ब्लूबेरीचं रोप मी लाड करून मारलं. शेणखत घातलं, लाकडाची राख घातली, गुलाबाला मानवतं ते सगळं केलं. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. खत कमी पडलं असेल म्हणून आणखी घातलं! मातीत लोह होतं, पण राखेनं सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) चढला होता आणि मुळांना ते घेता येत नव्हतं.

हे झुडूप मूळचं उत्तर अमेरिकेतलं, आम्लधर्मी जमिनीतलं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये त्याची ही गरज प्रयोगांनी मांडली. पुढे न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट यांनी रानातली उत्तम झुडपं हुडकली आणि १९१६ मध्ये लागवडीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

तर सामू ४.५ ते ५.५ हवा. मी आता कुंडीतच लावतो. तिथे माती आपल्या हातात राहते. निम्मं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), बाकी पाइनच्या सालीचा चुरा. नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) विसंबू नका, ते पुरेसं आम्ल नसतं. जमिनीत लावायचं असेल तर गंधक आधी काही महिने मिसळून ठेवा, कारण जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला वेळ लागतो. मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात, म्हणून बुडाशी खुरपणी नको, सालीचं आच्छादन घाला. ओल कायम हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही. पाणी जड (क्षारांचं) असेल तर सामू हळूहळू पुन्हा चढतो. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. खत अमोनियम सल्फेट, तेही चिमटीनं.

जात निवडताना थंडीचा हिशेब बघा. नॉर्दर्न हायबुश या थंड प्रदेशातल्या प्रकाराला हिवाळ्यात साधारण ८०० तास गारवा (साधारण ७ अंश सेल्सियसखालचं तापमान) लागतो. हिवाळा सौम्य असेल तिथे कमी गारव्यावर भागणारा सदर्न हायबुश लावा. दोन वेगळ्या जाती शेजारी असल्या की फळं मोठी धरतात. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण खुडा.

फळ निळं झालं की लगेच तोडू नका. देठाजवळ लालसर कडा असेल तर आणखी काही दिवस थांबा. तोडल्यावर गोडी वाढत नाही. वरची पांढुरकी पावडर म्हणजे नैसर्गिक मेण, त्यानं फळ टिकतं, म्हणून खायच्या वेळीच धुवा. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५७ कॅलरी, अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू, शिवाय क आणि के जीवनसत्त्व. निळा रंग देणारी अँथोसायनिन्स ही रंगद्रव्यं मुख्यतः सालीत असतात. गाळून रस काढणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.