प्लास्टिकशिवाय पावसाळी सहल: डबे भरताना या चुका टाळा

सहलीतला प्लास्टिकचा कचरा बहुतेक वेळा घरून निघत नाही, वाटेत जमतो. घरून स्टीलचे डबे निघतात, पण पाणी संपतं, चहाची तल्लफ येते, पातळ भाजी वाढायला काही नसतं. मग टपरीवरून बाटल्या, कागदी कप आणि चकचकीत द्रोण येतात. म्हणून भांडी काढण्याआधी मेनू ठरवा. पहिली चूक तिथेच होते.

श्रीखंड, रस्सा, कोशिंबीर असा बेत केला की माणशी तीन वाट्या आल्या. त्यापेक्षा दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असल्यानं ती दुपारपर्यंत मऊ राहते, आणि हे सगळं हातावर घेऊन खाता येतं. दहीभात हवाच असेल तर गार भातात दूध जास्त आणि दही चमचाभरच घाला. जेवायच्या वेळेपर्यंत वाटेतच विरजण लागतं, भात आंबट होत नाही. फरसाण-चिवडा पाकिटातला नको. वजनावर देणाऱ्या दुकानात स्वतःचा डबा घेऊन जा, मात्र डब्याचं वजन आधी करून घ्यायला सांगा.

सर्वांत जास्त फसगत होते ती पत्रावळीत. १ जुलै २०२२पासून प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे. पण बाजारात मिळणाऱ्या चंदेरी द्रोणांना आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. पळसाच्या पत्रावळीलाही हल्ली खालून तसाच थर लावलेला आढळतो. विकत घेण्यापूर्वी एक कोपरा फाडून बघा. पान किंवा कागद सरळ फाटतो, पापुद्रा मात्र ताणला जातो. साधा कागदी कपही नुसता कागदाचा नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून बहुधा पॉलिथिन लावलेलं असतं. ‘कंपोस्टेबल’ (म्हणजे खत होणारे) असं लिहिलेले पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचे चमचे कुजायला साधारण ६० अंशांची उष्णता लागते. ती मोठ्या खत प्रकल्पात मिळते, ताम्हिणी घाटाच्या झाडीत नाही.

खरी पळसाची पत्रावळ मिळाली तर वाढण्याआधी पाण्याचा हात फिरवा, म्हणजे तडकत नाही. केळीचं पान न्यायचं असेल तर मधला जाड दांडा काढा आणि पान आचेवरून झरझर फिरवून घ्या. मग गुंडाळलं तरी चिरत नाही. पण खरं सांगायचं तर माणशी एक ताटली आणि एक पेला याला तोड नाही. ‘ज्यानं त्यानं आपापलं आणायचं’ असं आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकावं. ‘तिथे मिळेल की’ म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याच्यासाठी एक जादा ताटली घ्या. यासाठी बांबूचा नवा संच विकत घेऊ नका. घरातला जुना प्लास्टिकचा डबाही चालेल, तो काही एकदा वापरून फेकायचा नाही.

डबा गळतो का? तर बहुधा झाकणाची रिंग उलटी बसलेली असते किंवा घासताना काढलेली ओट्यावरच राहिलेली असते. आदल्या रात्री डब्यात पाणी भरून उलटा धरून पाहा. डबा उघडतच नसेल तर आत गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावलं असणार. वाफ गार झाली की आतला दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. चमच्याच्या टोकानं रिंगची कड जरा उचला, हवा शिरली की झाकण सुटतं. पोळ्याही पूर्ण गार करून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. पावसात नुसतं फडकं पिशवीत ठेवलं तर तेच दमट होतं.

पाणी माणशी दोन लिटर धरा. तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत किंवा ताक भरू नका, आंबटात तांबं उतरतं. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग चहा भरा. दुधाचा चहा तासन्‌तास ठेवला की त्याला वास येतो, म्हणून लांबच्या वाटेला कोरा चहा बरा.

तिथलं काही खायचंच नाही, असं नाही. सिंहगडावर पिठलं-भाकरी आपल्या ताटलीत घ्या, दही मातीच्या मडक्यात मिळतंच. भाजलेलं कणीस त्याच्याच सालीत घ्या.

खरकट्याबद्दल लोकांचा एक लाडका समज असतो: साली कुजतात, टाकल्या तर काय झालं? संत्र्याची साल तशीच पडून कुजायला बराच काळ जातो, आणि तोवर माकडांना माणसांच्या खाण्याची चटक लागते. साली आणि पत्रावळी झाकणाच्या रिकाम्या डब्यात परत आणा. ओढ्यात साबण लावून भांडी घासू नका. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसून खा, उरलेलं ओल्या फडक्यानं पुसा. ओले वाइप्स नकोत, त्यांत बहुधा पॉलिस्टरचे धागे असतात. वर्तमानपत्रातही खाणं गुंडाळू नका; शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनंच ते करू नका असं बजावलं आहे.

उष्टी भांडी जाड कापडी पिशवीत वेगळी ठेवा आणि घरी पोचल्यावर तीच पिशवी आधी उघडा, नाहीतर सकाळी फडक्याला आंबूस वास येतो आणि तो दोन धुण्यांतही जात नाही.