नजरेचा माग घेऊन वेबपानाची चाचणी कशी घ्यावी

सहभागी व्यक्तीला पडद्यापासून सुमारे 60 ते 65 सेंटिमीटर अंतरावर, न फिरणाऱ्या खुर्चीत बसवावे आणि खिडकीतले ऊन थेट डोळ्यांवर येऊ देऊ नये, कारण नजरेचा माग घेणारे उपकरण डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या अवरक्त प्रकाशावरूनच नजरेची दिशा ठरवते. मग पडद्यावरच्या 9 ठिपक्यांकडे क्रमाने पाहायला सांगून उपकरण त्या व्यक्तीच्या डोळ्यांशी जुळवून घ्यावे, म्हणजेच कॅलिब्रेशन करावे. ते ढिले राहिले तर पुढची सारी नोंद वाया जाते, म्हणून येथे अजिबात घाई करू नये. नुसते ‘पान पाहा’ असे न सांगता ‘परतीच्या तिकिटाचे भाडे शोधा’ असे नेमके काम द्यावे. नजर एखाद्या शब्दावर रेंगाळली, तर ती आवडीने की गोंधळून, हे हीटमॅप (नजर पानावर कुठे किती टिकली ते रंगांनी दाखवणारे चित्र) सांगत नाही. त्यामुळे चाचणी संपताच नजरेची नोंद दाखवून त्या व्यक्तीलाच विचारावे.